नाव कापलेली बातमी

४ जुलै

चिमे,

फोन केला नाही म्हणून गाल फुगवून बसू नकोस. तुमच्या कॉलेजच्या पत्रकारितेच्या पदवीचं मूल्यमापन करायला विद्यापीठाने तिघांची समिती नेमली आहे. दोन प्राध्यापक आणि ‘व्यवसायातील एक अनुभवी व्यक्ती’. ती अनुभवी व्यक्ती म्हणजे तुझी मामेबहीण. नेमणुकीच्या कागदात लिहिलंय की निकाल लागेपर्यंत सदस्याने विभागातल्या कुणाशी फोनवर किंवा समक्ष बोलू नये. पत्र लिहू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. हल्ली कुणी पत्र लिहील हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

एका रकान्यात विचारलं होतं, विभागात कुणी जवळचे नातेवाईक आहेत का. खाली बारीक अक्षरात जवळचे म्हणजे कोण ते दिलंय: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं. मामे-आतेबहिणी त्यात बसत नाहीत. मी ‘नाही’ लिहिलं आणि सही ठोकली.

सव्वीस वर्षं एकाच वर्तमानपत्रात, एकाच खिडकीखाली बसून बातम्या लिहिल्या. तुझ्यासारख्या किती जणींच्या कागदांवर लाल पेन्सिल फिरवली. तेव्हा कुणी मला तज्ज्ञ म्हटलं नाही. आता विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी म्हटलंय. आत्याला हे पत्र वाचून दाखव. तिला सांग, तुझ्या भाचीकडे पदवी नाही, पण तुझ्या लेकीची पदवी बरी की वाईट हे आता भाची ठरवणार.

समितीने नापास केलं तर पुढच्या वर्षापासून प्रवेश बंद, असं ऐकते. घाबरू नकोस, मी काही तुला खात नाही. तुमच्या कॉलेजात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यामुळे कोऱ्या मनाने येईन. फक्त तो मागचा लोखंडी जिना मला चढायला लावू नका. गुडघे आता ऐकत नाहीत.

तुझी ताई

११ जुलै

ताई,

आईला पत्र वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, तिला सांग, येताना लाल पेन्सिल घरी ठेवून ये.

मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. बरं एवढ्यासाठी की तीन जणांत एक तरी माणूस असा असेल ज्याने खरी बातमी लिहिली आहे. भीती कशाची ते तुला माहीत आहे. प्रवेश बंद झाले तर अडतीस विद्यार्थी कसेबसे संपवून बाहेर पडतील, माझ्या हाताखालचे तिघे दुसरीकडे बघतील, आणि मला प्राचार्य परीक्षा विभागात बसवतील, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला. गेली दोन वर्षं प्रवेश कमी झालेत, आमच्या मजल्यावर त्यांचा डोळा आहेच.

आमच्याकडे बघण्यासारखं फार नाही, आधीच सांगते. तीन खोल्या. एकीत हिरवा पडदा टांगून तिला स्टुडिओ म्हणतो. कॅमेरा आहे, त्याची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते, त्यामुळे आमचे विद्यार्थी मुलाखत भराभर घ्यायला शिकलेत. पण लिहायला मी तुझ्याच पद्धतीने शिकवते. तू प्रत्येक कागदाच्या समासात लिहायचीस ना, ‘समोरच्याला विचारलंस?’ ते आमच्या फळ्याच्या वर रंगाने लिहून घेतलंय. कुणावर काही आरोप करायचा तर आधी त्याला गाठून विचारायचं, मग लिहायचं. एकही विद्यार्थी त्यातून सुटत नाही.

एक गंमत राहिली. आमच्या कॉलेजात कधी पाऊल ठेवलं नाहीस म्हणतेस. मग मागचा जिना लोखंडी होता हे तुला कुणी सांगितलं? तो काढून टाकला त्याला सात वर्षं झाली.

चिमी

१५ जुलै

चिमे,

जिन्याचं कुठेतरी वाचलं असेन. शहरातल्या निम्म्या जिन्यांच्या बातम्या मीच लिहिल्यात. तू लगेच उलटतपासणी घ्यायला लागलीस. प्राध्यापक झालीस तरी खोड जात नाही.

तुझं पाकीट छान आहे. कोपऱ्यात छापलंय, डॉ. अमुकतमुक, विभागप्रमुख. पत्राआधी मी तेच वाचलं, आणि पत्रानंतरही. आमच्या कचेरीत पाकिटं साधी येतात, पाठवणाऱ्याने हाताने नाव लिहायचं. शेजारच्या टेबलावरच्या क्रीडावाल्याने उचलून पाहिलं आणि म्हणाला, ही तुमचीच ना, इथे शिकाऊ होती ती? मी म्हटलं, हो, तीच, हिला मथळा सहा शब्दांत बसवायला मी शिकवलं. तो म्हणाला, मग आता ती कुठे आणि तुम्ही कुठे. हसत म्हणाला. मीही हसले. दुपारी त्याचं अर्धं पान कापलं.

आम्ही २९ तारखेला येतोय. शंभर गुण आहेत. ग्रंथालय, स्टुडिओ, नोकऱ्या, अध्यापन, असे पाच भाग, प्रत्येकाला वीस. शेवटचा भाग व्यावसायिक नीतीचा, तो मी एकटीने तपासायचा आहे. समोर आलीस तर मान हलवीन, त्यापुढे काही नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

ताई

३१ जुलै

ताई,

नियम माहीत असूनही राहवत नाही. परवाचा दिवस इतका चांगला जाईल असं वाटलं नव्हतं.

तू वर्गाला तासाभरासाठी बाहेर पिटाळलंस आणि प्रत्येकाने एक बातमी आणावी म्हटलंस, ते त्यांना फार आवडलं. दुसऱ्या वर्षातली ती चष्मेवाली आमच्याच लिफ्टची बातमी घेऊन आली. लिफ्ट चार महिने बंद, आणि आत तपासणीचं प्रमाणपत्र मात्र मागच्याच आठवड्यातलं. तू तिची वही हातात धरून किती वेळ उभी होतीस. प्राचार्यांचा चेहरा पाहिलास का? ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः लिफ्टपाशी उभे होते.

माझ्या तासाला तू शेवटच्या बाकावर बसलीस आणि सारखी लिहीत होतीस. शाळेच्या भिंतीची बातमी मी मुद्दाम त्या दिवशी काढली. ओळखलीस ना? एकदा तू मान वर केलीस तेव्हा मला वाटलं हसलीस.

तास संपल्यावर माझ्या खोलीत डोकावशील असं उगाच मनात होतं. दोन कप चहा मागवून ठेवला होता. दोन्ही मीच प्याले.

चिमी

३ ऑगस्ट

चिमे,

ओळखली.

अहवाल काल दिला. त्यात काय आहे ते मला सांगता येत नाही. चष्मेवाली हुशार आहे, तिला सांग की प्रमाणपत्रावर सही कुणाची ते पहिल्या ओळीत घ्यायला हवं होतं. आत्याच्या पाठीचं दुखणं कमी झालं का ते कळव.

ताई

२६ ऑगस्ट

ताई,

अहवाल आला. तीन सदस्यांचे तीन, नावं झाकलेली. तिसऱ्यावर नावाची गरजच नव्हती. चार-चार शब्दांची वाक्यं लिहिणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय.

‘विभागप्रमुख दुसऱ्याच्या बातम्या शिकवतात. वरचं नाव कापून टाकतात. त्या बातम्या प्रमुखांच्याच, असं विद्यार्थ्यांना वाटतं. प्रमुख तसं वाटू देतात. अशा विभागाने नीती शिकवू नये. वीसपैकी शून्य.’

बाकी दोघांनी चांगले गुण दिलेत. ग्रंथालयालासुद्धा. पण एका भागात शून्य असेल तर मान्यता देता येत नाही. चौदा सप्टेंबरला सुनावणी आहे. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, हे खरं आहे का. कालपासून वर्गात कुजबुज आहे. चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं आणि मग फळ्याच्या वर रंगवलेल्या तुझ्या त्या दोन शब्दांकडे पाहिलं.

मी फोन करणार नाही. फोनवर मी रडेन आणि तू जिंकशील. मला एवढंच म्हणायचं आहे. माझ्या पहिल्या बातमीत मी पोस्टमास्तरांवर टपाल दडवल्याचं लिहिलं होतं. तू तो कागद माझ्या तोंडावर फेकलास आणि म्हणालीस, त्यांना विचारल्याशिवाय इथे परत येऊ नकोस. मी चालत पोस्टात गेले होते. माझ्यावर लिहिताना तुला दहा पावलं चालून माझ्या खोलीत यायचं होतं.

तू मला विचारलं नाहीस.

चिमी

३० ऑगस्ट

चिमे,

विचारायचं काय होतं? मी कानांनी ऐकलंय. खिडकीशेजारच्या मुलाने विचारलं, ‘मॅडम, टेपने मोजायची युक्ती तुम्हाला कशी सुचली?’ आणि तू म्हणालीस, ‘पुढे वाचा.’ हसत म्हणालीस. ती युक्ती माझी. शाळेची भिंत कागदावर आठ फूट होती. समोरच्या सुताराची टेप मागून मी मोजली तेव्हा साडेअकरा भरली. शाळा सुरू व्हायच्या आत ती भिंत उतरवावी लागली. सव्वीस वर्षांत माझ्या हातून झालेलं एक काम म्हणून मी त्याच्याकडे बघते. आणि त्या कात्रणावर माझ्या नावाच्या जागी सरळ कात्री चालवलेली.

नंतर मी तुझ्या खोलीपर्यंत आले होते. नियमाचं सोड, आले होते. दारावरची पाटी वाचली. दोनदा वाचली. मग जिना उतरले.

आता जिन्याचंही ऐक, नाहीतर तू छळशील. अकरा वर्षांपूर्वी तुमच्याकडे व्याख्यात्याची जागा निघाली होती. मी अर्ज केला होता. टपालावर भरवसा नव्हता म्हणून स्वतः येऊन, त्या लोखंडी जिन्याने चढून, हातात दिला. सोबत चाळीस कात्रणं जोडली. आठवड्याने परत आलं सगळं. पदवी नसल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही. कात्रणांच्या गठ्ठ्याची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. चार महिन्यांनी ती जागा तुला मिळाली. आत्याने आनंदाने फोन केला. मी म्हटलं, वा. कचेरीत सगळ्यांना सांगितलं, माझीच शिष्या. त्यानंतर तुझ्या प्रत्येक पाकिटाने मला जाळलंय. तू ‘डॉ.’ झालीस तेव्हा मी तीन दिवस सुट्टीवर होते, ताप आला म्हणून. ताप नव्हता.

तुला लिहायला मी शिकवलं आणि शिकवण्याची नोकरी तुला. मला जळायचा हक्क आहे.

ताई

४ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. आता माझी बाजू. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना मी दहा बातम्या देते. नावं कापलेली. कुणी लिहिली हे कळलं की ते बातमी वाचत नाहीत, नाव वाचतात. मोठं नाव असलं की सगळं छान, अनोळखी असलं की नाकं मुरडतात. म्हणून नावांशिवाय तपासायला लावते. कापलेल्या पट्ट्या मी फेकत नाही, पाकिटात ठेवते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात पट्ट्या टेबलावर मांडायच्या आणि कुठलं नाव कुठल्या बातमीचं ते त्यांनी ओळखायचं. दहातल्या चार बातम्या तुझ्या असतात. समिती सुरुवातीला येऊन गेली, शेवटचा आठवडा तिने पाहिला नाही. एवढं लिहून मी गप्प बसले असते तर तुझा अहवाल फाडून टाकता आला असता.

पण खरं पुढे आहे. गेली दोन वर्षं मी तो शेवटचा तास घेतलाच नाही. पट्ट्या पाकिटातच आहेत. आधीच्या वर्षी नावं उघड झाल्यावर वर्ग तुझ्याबद्दल विचारत सुटला. त्या कुठे बसतात, आम्हाला भेटतील का, त्या स्वतः का शिकवत नाहीत. एकाने निरागसपणे विचारलं, मॅडम, तुम्ही कधी बातमीदार होतात का? मी पाच वर्षं होते, ताई. पण माझं एकही कात्रण त्या दहांत बसण्यासारखं नव्हतं. ते मलाच माहीत होतं. म्हणून पुढच्या वर्षी वेळ कमी पडला असं स्वतःला सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी तेही सांगावं लागलं नाही. या वर्षी तू येणार म्हणून मात्र मी ठरवलं होतं, शेवटचा तास घ्यायचा आणि भिंतीपासूनच सुरुवात करायची.

आणि त्या ‘पुढे वाचा’बद्दल. साडेअकरा फुटांची भिंत एकटीने टेपने मोजता येत नाही. शिडीवर तू चढली होतीस. खाली उकिडवं बसून टेपचं दुसरं टोक जमिनीला कोण दाबून धरून होतं? तू म्हणत होतीस, हलू नकोस, हलू नकोस. माझ्या नखात माती गेली होती. दुसऱ्या दिवशी बातमीवर एकच नाव होतं. मी ते तेव्हाही वाचलं, दोनदा. त्या मुलाने ‘तुम्हाला’ म्हटलं तेव्हा क्षणभर मला ते ऐकून गोड वाटलं. एवढाच माझा गुन्हा आहे. लहान नाही, पण तू लिहिलास तेवढाही नाही.

अर्जाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी जागा सोडली असती का, हे मला खरंच सांगता येत नाही.

बावीस तारखेला शेवटचा तास आहे. मान्यता राहो किंवा जावो, तो मी घेणार आहे.

चिमी

१५ सप्टेंबर

चिमे,

काल तू सुनावणीच्या खोलीत टेबलाच्या त्या बाजूला होतीस, त्यामुळे काय झालं ते तुला ठाऊक आहे. पण तू बाहेर गेल्यानंतरचं माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र आल्यावर मी टेपवाली बातमी काढून वाचली. ‘प्रस्तुत प्रतिनिधीने स्वतः मोजमाप घेतले.’ प्रस्तुत प्रतिनिधी शिडीवर होती. खाली कुणी होतं याचा बातमीत मागमूस नाही. खरं सांगते, हे नुसतं विसरणं नव्हतं. माझ्या मनात ती भिंत नेहमी अशीच होती की मी एकटी, टेप आणि भिंत. तुला मी त्यातून केव्हा पुसलं ते माझं मलाच कळलं नाही.

आमच्या कचेरीत नियम आहे. चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आतल्या पानाच्या कोपऱ्यात ढकलायची नाही. हा नियम मीच भांडून लावून घेतला होता. म्हणून अध्यक्षांना म्हटलं, माझं म्हणणं तोंडी नको, लिहून आणलंय, अहवालाच्याच फायलीत लावा. तू ऐकलंसच, पण ऐकताना मान खाली घालून बसली होतीस, म्हणून पुन्हा देते.

‘दुरुस्ती. विभागप्रमुख दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून खपवतात, असा अर्थ माझ्या अहवालातून निघतो. हे लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं नाही. त्या माझ्या आत्याच्या कन्या आहेत. नाव कापलेल्या बातम्या माझ्या आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी इथे नोकरी मागितली होती. ती मला मिळाली नाही, त्यांना मिळाली. मला त्यांचा हेवा वाटतो. भिंतीच्या बातमीवर दोन नावं हवी होती. एकच छापलं, ती चूकही माझी.’

मी बसले न बसले तोच तू उठलीस आणि गेल्या दोन वर्षांचं सगळं सांगून मोकळी झालीस. मी तुझ्याकडे डोळे वटारत होते, बाई गप्प बस, सुटत होतीस. बिचारे अध्यक्ष एकदा माझ्याकडे, एकदा तुझ्याकडे. शेवटी म्हणाले, तुम्ही दोघी हे आधी आपापसात का बोलला नाहीत? मी म्हटलं, तुमच्या नियमात बसत नव्हतं.

तू बाहेर गेल्यावर त्यांनी ठरवलं ते असं. माझा अहवाल रद्द. माझं नाव तज्ज्ञांच्या यादीतून काढलं, यापुढे विद्यापीठाचं कुठलंही काम मला नाही. नीतीचा भाग बाकी दोघांनी पुन्हा तपासला. तू स्वतःहून सांगितलंस याचे त्यांनी गुण दिले, आधी दोन वर्षं सांगितलं नव्हतंस याचे कापले. वीसपैकी अकरा. पदवी आणखी दोन वर्षं टिकली. तुला कागद येईलच. उत्तरपत्रिका आता दुसरं कुणी मोजेल.

अडीच महिने तज्ज्ञ होते. शिक्क्याचा कागद अजून खणात आहे. आज क्रीडावाल्याला सांगितलं, काढलं मला. का म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, जळत होते म्हणून. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

हेवा गेला असं समजू नकोस. तुझं ताजं पाकीट आलं की पुन्हा कोपरा आधी वाचणार आहे, मला माझी खात्री आहे. फरक एवढाच की आता तो हेवा फायलीत आहे, माझ्या नावानिशी, आणि कुणाला कापून काढता येणार नाही.

बावीसला येते. शेवटच्या बाकावर बसवू नकोस, तिथून वाईट ऐकू येतं. भिंतीच्या बातमीसाठी दोन पट्ट्या लागतील. तुझ्या नावाची तुझ्याकडे नसणार, ती कधी छापलीच नाही. मी काल आमच्या छपाईवाल्याकडून त्याच अक्षरात काढून घेतली, या पाकिटात आहे. जपून उघड, बारीक आहे.

आणि चहा दोन कप सांग. तुझ्या दारावरची पाटी मी परत वाचणार, परत जळणार, आणि या खेपेला दार वाजवणार.

ताई